धोबी, खाटीक, कोतवाल

पहिली शिट्टी वाजली तेव्हा गप्पीदास काटेरी तारेवर बसला होता. डिसेंबरातली सकाळ, पावणेसातचा सुमार. अंबरनाथ आणि बदलापूरच्या मधल्या एका तळ्याच्या कुंपणाबाहेर, रस्त्याच्या कडेला मी मांडी ठोकून बसलो होतो. गप्पीदास तारेवरून खाली झेपावला, किडा उचलला, परत त्याच जागी येऊन बसला आणि शेपटी झटकली. मला एवढंच हवं होतं. दुसऱ्या शिट्टीला मात्र तो गेला, आणि त्याच्या जागी व्ह्यूफाइंडरमध्ये एक निळा धुरकट ठिपका मोठा होत होत माझ्याकडे येऊ लागला.

"कशाचे फोटो काढताय?"

"पक्ष्यांचे."

"कुठंय पक्षी?"

या प्रश्नाशी दरवेळी घात होतो. शिट्टी मारणाऱ्यानेच पक्षी उडवलेला असतो आणि पुरावा मात्र माझ्याकडे मागितला जातो. मी तारेकडे बोट केलं. तारेवर नुसतं दव होतं.

बारा-तेरा वर्षं उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात मी कॅमेरा घेऊन हिंडतोय. त्यातल्या किती सकाळी पक्ष्यांत गेल्या आणि किती पहारेकऱ्यांशी बोलण्यात, याचा हिशेब घातला तर दुसरी बाजू जड भरेल. सगळा दोष लेन्सचा. माझी दीडशे-सहाशेची लेन्स दोन किलोच्या आसपास भरते. त्यावर झाडोऱ्याच्या नक्षीचं कापड गुंडाळलेलं, टोकाला काळं हूड. पहाटेच्या अंधुक उजेडात हे धूड खांद्याला लावलेला माणूस गेटवरून कसा दिसत असेल, हे मला एका मित्राने मोबाइलवर टिपून दाखवलं होतं. मीही शिट्टी मारली असती. दुर्बीणवाल्यांना असा जाच नसतो. त्यांना लोक वेडे समजतात आणि सोडून देतात.

त्यात आमचा मुलूखच संशयाच्या मातीतला. उल्हासनगर वसलं ते दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींमध्ये. फाळणीनंतर सिंधी निर्वासित तिथे उतरले, १९४९ साली गावाला नाव मिळालं, पण पत्ता सांगताना आजही 'कॅम्प नंबर चार' असंच म्हणायचं. अंबरनाथला आयुध निर्माणी. तिच्या भिंतीआड जुनी झाडं आहेत, आणि जिथे माणसाला मज्जाव तिथे पक्षी सुखाने राहतात. भिंतीवरच्या फांदीत हळद्या दिसला तरी कॅमेरा बॅगेतच ठेवायचा, हे इथल्या प्रत्येक फोटोवाल्याला पहिल्या महिन्यात कळतं. त्याबद्दल माझी तक्रारही नाही. शस्त्रांचा कारखाना म्हणजे १९२३ च्या शासकीय गुपितं कायद्यातलं सरळसरळ निषिद्ध स्थान. तिथे हळद्याने आपल्याला माफ करावं.

घोटाळा होतो तो पुढे. त्या भिंतीचा धाक गावभर पसरतो आणि बागेला, तळ्याला, पाण्याच्या टाकीलाही तोच कायदा लागू आहे असं सगळ्यांना वाटू लागतं. पाणीपुरवठ्याची किंवा विजेची जागा त्या कायद्याखाली येण्यासाठी केंद्र सरकारने तशी अधिसूचना काढावी लागते. खुद्द पोलीस ठाणंसुद्धा त्या व्याख्येत बसत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये वर्ध्याच्या एका प्रकरणात सांगितलं. उलट जिथे मनाई असेल असं वाटतं तिथे ती नसते. अंबरनाथचं शिवमंदिर १०६० सालचं, पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालचं. २०१८ पासून अजिंठा, लेहचा राजवाडा आणि ताजमहालातली कबर सोडली तर संरक्षित स्मारकांवर हातातल्या कॅमेऱ्याने खुशाल फोटो काढता येतात. ट्रायपॉड लावायचा तर परवानगी.

हे सगळं पाठ करून मी एकदा एका पहारेकऱ्याला ऐकवलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, आपको पता है, मेरे को पता है। सुपरवायझर को नहीं पता।"

तेव्हापासून मी कायदा बोलत नाही. बारा तासांची पाळी, प्लास्टिकची खुर्ची, एक रजिस्टर आणि एक शिट्टी घेऊन बसलेला तो माणूस. काही घडलं तर 'तू काय करत होतास' हा सवाल पहिला त्यालाच. मी फोटो काढून घरी जाणार, नोकरी त्याची जाणार. 'वरून ऑर्डर आहे' हे त्याचं वाक्य टाळण्यासाठी असतं असं मला आधी वाटायचं. खरं तर त्याला तेवढंच सांगितलेलं असतं. वर म्हणजे कोण, हे त्यालाही ठाऊक नसतं. ऑर्डर कागदावर मी आजवर पाहिलेली नाही.

त्यामुळे या चौकशीला एक ठरलेली चाल आली आहे. आधी लांबून शिट्टी. मग चालत येणं, पण थेट नाही, थोडं बाजूने, कारण समोरच्याची ओळख मोठी निघाली तर माघार घेता यावी. मग 'कशाचे फोटो', 'कुठून आलात', 'प्रेसवाले का'. मग माझाच एक फोटो मोबाइलवर काढून ग्रुपवर टाकणं. आणि सुपरवायझरचं उत्तर येईपर्यंत आम्ही दोघं एकमेकांशेजारी उभे, काय बोलावं ते न सुचून. याच वेळात मी कॅमेऱ्याची मागची स्क्रीन उघडतो. एक फोटो दाखवतो, बटण दाबून मोठा करतो, पक्ष्याच्या डोळ्यापर्यंत नेतो. डोळ्यात बारीक पांढरा ठिपका असतो, उगवत्या सूर्याचा. तिथे बहुतेक जण एक पाऊल जवळ येतात. काही जण तरीही "डिलीट करा" म्हणतात. तसं करायला लावण्याचा अधिकार खासगी रक्षकाला नाही, पण एक खराब फोटो त्याच्यासमोर पुसून टाकला की त्याचंही काम होतं आणि माझंही.

पक्षी बघणारा तो हेर असणार, हा संशय काही आमच्या गेटवरच्या माणसाने शोधलेला नाही. सलीम अली १९३७ मध्ये अफगाणिस्तानात पक्षी बघायला गेले ते रिचर्ड माइनर्टझागेनबरोबर. तो पक्षितज्ज्ञही होता आणि ब्रिटिश लष्कराच्या गुप्तवार्ता विभागातला अधिकारीही. इयान फ्लेमिंगने आपल्या गुप्तहेराला जेम्स बाँड हे नाव दिलं, ते वेस्ट इंडीजच्या पक्ष्यांवर पुस्तक लिहिणाऱ्या एका खऱ्या पक्षितज्ज्ञाचं. आणि लांब कशाला जायचं? मे २०२३ मध्ये मुंबईच्या बंदराजवळ एक कबुतर सापडलं, पायात कड्या, पंखांवर चिनी वाटावी अशी अक्षरं. हेर म्हणून त्याची परळच्या प्राण्यांच्या दवाखान्यात आठ महिने कोठडी झाली. शेवटी ते तैवानमधल्या शर्यतीचं कबुतर निघालं आणि जानेवारी २०२४ च्या अखेरीस सुटलं. जिथे कबुतराला आठ महिने, तिथे मला अर्धा तास म्हणजे स्वस्तच.

आता आमच्याही बाजूचं सांगतो. दर वेळी संशय खोटा नसतो. उल्हास नदीच्या पात्रात, बदलापूरकडे, कवड्या खंड्या पाण्यावर एकाच जागी पंख फडफडवत थांबतो आणि दगडासारखा खाली पडतो. त्या अर्ध्या मिनिटासाठी मी तासन्‌तास बसलो आहे. एकदा असाच बसलो असताना समोरच्या काठावरून एका बाईने ओरडून शिव्या घातल्या. मी खंड्याच्या मागे लेन्स फिरवत होतो आणि लेन्स नेमकी धुणं धुणाऱ्या बायकांवर येऊन थांबली होती. तिला सहाशे मिलिमीटरच्या टोकाला काय दिसतंय ते कसं कळणार? मी पलीकडे जाऊन फोटो दाखवले. सगळे पाण्याचे आणि अर्धवट पंखांचे. ती म्हणाली, "मग आधी सांगायला काय झालं होतं?" याला उत्तर नव्हतं. आताशा मी बसण्याआधी लेन्स कुठे वळेल ते बघतो, आणि त्या बाजूला माणसं असतील तर आधी हाक मारतो. याशिवाय घरट्याभोवती दहा-दहा जणांचा घोळका जमवणारे आणि मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला भुलवणारे आमच्यातच आहेत. त्यांच्यावर शिट्टी वाजते तेव्हा मला बरं वाटतं.

रीतसर परवानगी काढण्याचा प्रयोगही करून झाला. कचेरीचं नाव सांगत नाही. अर्जाला पक्ष्यांची यादी जोडायला सांगितली. कोणता पक्षी येणार हे आधी कसं सांगणार, असं विचारलं तर उत्तर आलं, "साधारण लिहा." मी साधारण लिहिलं: गप्पीदास, धोबी, तुतवार, शेकाट्या, खाटीक, कोतवाल, तांबट, शिंपी. बाईंनी चष्मा वर करून यादी वाचली. "तुम्ही एकटेच जाणार म्हणालात ना? हे धोबी, खाटीक, कोतवाल कोण? सोबत माणसं असतील तर प्रत्येकाचं आधार लागेल."

मी हसलो, त्या हसल्या नाहीत. मग मी एकेकाची ओळख करून दिली. पाणथळीत शेपटी आपटत चालतो तो धोबी. काट्याला भक्ष्य खोचून ठेवतो तो खाटीक. तांब्याच्या भांड्यावर ठोके घातल्यासारखा बोलतो तो तांबट. पानं शिवून घरटं करतो तो शिंपी. कोतवालाशी आल्यावर मी जरा थांबलो. तो घारीलाही हुसकावतो, म्हणून लहान पक्षी त्याच्या आसऱ्याला घरटी बांधतात. "म्हणजे सिक्युरिटीच की," बाई म्हणाल्या आणि शिक्का शोधू लागल्या.

परवानगी आली. मे महिन्यातले दोन दिवस, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच. तोवर गप्पीदास उत्तरेला निघून गेलेला असतो, आणि दहा वाजता मे महिन्यात या भागात पक्षीच काय, कुत्रंही सावली सोडत नाही. तरी दोन्ही दिवस मी कागद घेऊन गेलो. कागद कुणी मागितला नाही. आपलं सरकार ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह पाळतं, मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सलीम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. ते आठ दिवस अर्जात मागावेत हे मला सुचलं नव्हतं.

त्या तळ्याकाठच्या सकाळचं राहिलंच. निळ्या गणवेशातला तो मुलगा जालन्याकडचा, नोकरीला लागून तीन महिने झालेला. ग्रुपवर माझा फोटो गेला, उत्तर येईना. मी त्याला आदल्या आठवड्यातला गप्पीदास दाखवला. त्याने स्क्रीनवर बोट ठेवून स्वतःच मोठा केला. "आमच्याकडं ज्वारीत असतो हा. तुरीवर बसतो." मग इकडेतिकडे बघून म्हणाला, "माझा एक काढता का? ड्रेसवरचा. घरी पाठवायचाय."

तो जाऊन गेटपाशी उभा राहिला, टोपी नीट केली. मागे पाटी होती: 'फोटो काढण्यास सक्त मनाई'. मी म्हटलं, जरा सरक, पाटी येतेय.

"येऊ द्या ना. तेवढंच कळंल, काय काम करतो ते."

माझ्या लेन्समध्ये जवळचा माणूस मावत नाही. मी वीस पावलं मागे गेलो, रस्ता ओलांडून पलीकडच्या गटाराच्या कठड्यावर चढलो. पहिल्या फोटोत मधेच रिक्षा आली. दुसऱ्यात त्याचे डोळे मिटले. तिसरा घ्यायला मी लेन्स लावली, तेव्हा मागून कुणीतरी शिट्टी मारली. पलीकडच्या प्लॉटचा वॉचमन कुंपणापाशी उभा राहून मला विचारत होता, कशाचे फोटो काढताय.