हयातीत केलेला खाजगी न्यास रद्द करणे : भारतीय न्यास अधिनियमातील तरतुदी

कल्याण, मुंब्रा व पनवेल या दिशांचे रस्ते जेथे मिळतात, त्या शीळफाटा परिसरात जमिनीचे मोल एका पिढीत कल्पनेपलीकडे वाढले. मुंबई-अहमदाबाद अतिजलद रेल्वेच्या भुयाराचे एक टोकही येथेच आहे. समजा, येथील एका गृहस्थाने गोदामाची जागा नोंदणीकृत दस्ताने न्यासात ठेवली. दोन मुलगे व आठ वर्षांचा नातू यांना हितग्राही नेमले. पुढे जागा परत घ्यावीशी वाटली, तर तसे करता येईल काय?

अमेरिकेतील अनेक राज्यांत असा न्यास, दस्तात विरुद्ध उल्लेख नसल्यास, रद्द करता येण्याजोगाच मानला जातो. भारतात नियम नेमका उलट आहे. भारतीय न्यास अधिनियम, १८८२ च्या कलम ७८ नुसार मृत्युपत्राखेरीज अन्य रीतीने निर्माण झालेला न्यास रद्द करण्याचा अधिकार न्यासकर्त्याने दस्तात स्पष्ट शब्दांत राखून ठेवलेला असावा लागतो. ‘मालक मीच’ ही मनातील समजूत पुरेशी नाही. आणि सामान्यतः फसगत होते ती येथेच.

अधिकार राखलेला नसेल, तर दुसरा मार्ग सर्व हितग्राहींच्या संमतीचा. परंतु ते सर्व करार करण्यास सक्षम असले पाहिजेत. उपरोक्त उदाहरणात दोन्ही मुलगे राजी असूनही नातवामुळे हा मार्ग बंद राहतो. (कर्जफेडीसाठी केलेल्या व धनकोंना न कळविलेल्या न्यासाबाबत स्वतंत्र तरतूद आहे, येथे ती अप्रस्तुत होय.)

अधिकार राखलेला असला तरी मागचे सारे पुसले जात नाही. विश्वस्तांनी न्यासाच्या अंमलबजावणीत रीतसर केलेली कृत्ये कलम ७९ अबाधित ठेवते. विश्वस्तांनी गोदाम पाच वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले असेल, तर जागा त्या भाडेकरूसहच परत येते.

न्यासमालमत्तेचे स्वामित्व विश्वस्तांकडे असल्याने, स्थावराच्या बाबतीत रद्दलेख दुय्यम निबंधकाकडे नोंदवून मालमत्ता न्यासकर्त्याच्या नावे परत करून घ्यावी लागते. सातबाऱ्यावरील फेरफार त्यानंतरचा. तो राहून गेल्यास अभिलेखात विश्वस्तांचीच नावे राहतात, आणि भूसंपादनाची नोटीस त्यांच्याच नावे निघते.