आगीतली लिफ्ट : निषेध आणि अपवाद

'आग लागल्यास लिफ्टचा वापर करू नये' ही ताकीद उंच इमारतींत जागोजागी लावलेली आढळते, आणि ती निराधार नाही. कारण आगीच्या समयी लिफ्टचा उभा शाफ्ट धुराड्यासारखा खालचा विषारी धूर वरच्या मजल्यांवर पोहोचवतो, आग विझवण्यासाठी मारलेले पाणी त्यात झिरपून विद्युत्-यंत्रणा निकामी करते, आणि वीज खंडित झाली म्हणजे आतला मनुष्य सर्वस्वी पराधीन होतो.

तथापि इतिहासाची साक्ष एकतर्फी नाही. ब्राझीलमधील साओ पावलो शहरात १ फेब्रुवारी १९७४ रोजी जोएल्मा नावाची पंचवीसमजली इमारत पेटली, तेव्हा तिला जिना एकच होता आणि तो अल्पावधीतच धुराने भरून गेला. अशा प्रसंगी तेथील लिफ्टचालकांनी, धूर असह्य होईपर्यंत, खेपांमागून खेपा करून सुमारे तीनशे जणांना सुखरूप खाली उतरवले. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमधील उत्तर मनोऱ्यावर विमान आदळल्यानंतर दक्षिण मनोऱ्यावर दुसरे आदळेपर्यंत जी अवघी सोळा मिनिटे लाभली, तेवढ्यात दक्षिण मनोऱ्यातील माणसे हुकमाची वाट न पाहता निघाली आणि लिफ्टही चालू होत्या, म्हणून सुमारे तीन हजार जीव वाचले, असे अमेरिकेच्या सरकारी चौकशीने नमूद केले.

तात्पर्य, दोष लिफ्ट या साधनाचा नसून तिच्याभोवतीच्या बंदोबस्ताच्या अभावाचा आहे. अमेरिकेच्या २००९ च्या इमारतविषयक संहितेने हे ओळखून रहिवाशांच्या सुटकेसाठी लिफ्टला मुभा दिली, परंतु कडक अटींवर : प्रत्येक मजल्यावर लिफ्टसमोर धूर रोखणारी बंदिस्त लॉबी, पाण्यापासून संरक्षण आणि पर्यायी वीजपुरवठा. नंतरच्या नियमांनुसार आगीचा मजला आणि त्याच्या वरचे व खालचे दोन-दोन मजले आधी रिकामे केले जातात.

आपल्या शहरांतील टॉवरांत रेफ्युज एरिया, म्हणजे आगीत आसरा घेण्याची जागा, असतो, फायर लिफ्टही असते. पण ती अग्निशमन दलाच्या कामाची, रहिवाशांच्या हाती नव्हे. जिना उतरू न शकणारे वृद्ध, गर्भवती व अपंग यांना सुटकेची वाट पाहत थांबावे लागते. संहितेतील वरील तजवीज जेथे नाही तेथे ताकीद निमूटपणे पाळणेच हिताचे. मात्र चाळीस मजले चढवणाऱ्या बिल्डरास, आगीत ही माणसे खाली कशी येणार, हा प्रश्न नकाशा मंजूर होण्यापूर्वीच विचारला गेला पाहिजे.