सागरी हवामानाचा अंदाज आणि किनाऱ्यावरील गाव

दि. १ जून २०२० रोजी पूर्व-मध्य अरबी समुद्रातील कमी दाबाचे क्षेत्र तीव्र झाले. दुसऱ्या दिवशी त्याचे चक्रीवादळ बनले आणि ३ जून रोजी दुपारी ‘निसर्ग’ या नावाचे ते वादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर येऊन थडकले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड या भागांतील नारळी-पोफळीच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. पोफळ फळास येण्यास पाच-सात वर्षे लागतात, हे लक्षात घेतले म्हणजे त्या एका दुपारीची किंमत कळते. उभी बाग हलविता येत नाही, हे खरे. परंतु बियाण्याचे भात, वाळलेली सुपारी, पेंढा आणि गुरे हलविता येतात. व त्यास जेमतेम दोन दिवसांचा अवधी होता. सागरी हवामानाचा अंदाज हा केवळ मच्छीमारांच्या कामाचा आहे, असा समज किनाऱ्याकाठच्या शेतकऱ्याने ठेवणे म्हणूनच परवडणारे नाही.

उष्ण कटिबंधातील समुद्राचे पाणी साधारणतः २६ ते २७ अंश सेल्सिअसहून अधिक तापले म्हणजे त्यावरील दमट हवा वर चढू लागते. वर गेल्यावर बाष्पाचे पाणी होते, त्यातून उष्णता बाहेर पडते आणि त्या उष्णतेवर वादळ पोसले जाते. अरबी समुद्रात ही वादळे मुख्यत्वे मे-जूनमध्ये व पुन्हा ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये होतात. ऐन पावसाळ्यात खालचा वारा पश्चिमेकडून व उंचावरचा वारा पूर्वेकडून वाहत असल्याने वादळाची उभारणी मोडते. गेल्या काही दशकांत या समुद्राचे पाणी अधिक तापत चालले आहे, ही गोष्ट मात्र दुर्लक्षिण्यासारखी नाही.

भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या पत्रकात चक्रीवादळ हा शब्द वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटर झाल्याखेरीज येत नाही. ८९ किलोमीटरपासून ते ‘तीव्र’ व ११८ पासून ‘अतितीव्र’ समजले जाते. वेग कित्येकदा ‘नॉट’मध्ये दिलेला असतो, एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर. वाऱ्याची दिशा म्हणजे तो जिकडून येतो ती दिशा होय. लाटांच्या उंचीबाबत तर हमखास गैरसमज होतो. पत्रकात दिलेली उंची ही सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. तीन मीटर असे वाचले असता एखादी लाट सहा मीटरच्या जवळपासही येऊ शकते, हे होडीवाल्यास सांगितलेच पाहिजे.

बंदरावरील बावट्यांचे क्रमांकही नीट समजून घ्यावेत. १ व २ क्रमांक दूर समुद्रातील संकटाचे. ३ क्रमांक बंदरास सोसाट्याच्या वाऱ्याचा संभव दर्शवितो. ५ ते ७ धोक्याचे, ८ ते १० महाधोक्याचे. ११ क्रमांकाचा अर्थ वादळ सर्वांत मोठे असा नसून, इशारा देणाऱ्या केंद्राशी संपर्क तुटला आहे, असा आहे.

आपल्या गोलार्धात चक्रीवादळातील वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. त्यामुळे पश्चिमेकडून येणारे वादळ कोकणच्या किनाऱ्यावर चढते तेव्हा त्याच्या दक्षिणेकडील गावांवर समुद्राकडून जमिनीकडे वारा वाहतो व तोच पाणी आत लोटतो. ‘निसर्ग’च्या वेळी उत्तरेस असलेली मुंबई बऱ्याच अंशी बचावली, त्याचे एक कारण हेच. नकाशावर वादळाची रेघ गावाच्या उत्तरेस दिसली म्हणून निर्धास्त राहणे चुकीचे ठरते.

खार जमिनीच्या गावांना याची सर्वाधिक झळ लागते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती असते. त्यावर वादळाने लोटलेले पाणी चढले की खारबंदिस्तीचा बांध टिकत नाही. ‘निसर्ग’ आले तेव्हा वटपौर्णिमा दोनच दिवसांवर होती. कधी कधी तर वारा पडलेला असताना, आभाळ निरभ्र असतानाही मोठ्या लाटा येतात. दक्षिण हिंदी महासागरात हजारो किलोमीटरांवर झालेल्या वादळाच्या त्या लाटा होत. केरळात त्यांस ‘कल्लक्कडल’, म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र, असे म्हणतात. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र या लाटांचाही इशारा देते. तो मिळताच उघाडीच्या झडपा तपासाव्यात आणि बांधावरील खेकड्यांची बिळे व खचलेल्या जागा मातीने ठोकून घ्याव्यात. पाणी आत शिरलेच, तर ओहोटीस उघाडीतून ते सत्वर बाहेर काढावे व पुढील पावसाच्या पाण्याने जमीन धुऊन निघेल अशी व्यवस्था करावी.

अंदाज वर्तविला गेला, पण पोहोचला नाही, तर तो व्यर्थ होय. नोव्हेंबर २०१७ अखेरीस कन्याकुमारीजवळ ‘ओखी’ वादळ फार झपाट्याने तीव्र झाले. केरळ व तामिळनाडूचे अनेक मच्छीमार त्यापूर्वीच खोल समुद्रात गेले होते. तेथे भ्रमणध्वनी चालत नाही. कित्येकांचे प्राण गेले. काही नौका भरकटत थेट देवगड बंदरात आल्या. त्यानंतर उपग्रहाद्वारे होडीवर संदेश मिळविणारी साधने आली आहेत. तरीही कोणती होडी केव्हा गेली व केव्हा परतणार, याची नोंद गावात असणे अगत्याचे आहे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने ही वही कोळीवाड्यातील जाणत्या तांडेलाच्या साहाय्याने ठेवावी. बाहेरच्या माणसास ती साधत नाही.

वादळाचा मध्य गावावरून जात असता वारा एकाएकी पडतो, क्वचित ऊनही पडते. लोक कौले पाहण्यास बाहेर येतात, गुरे सोडतात. थोड्याच वेळात उलट दिशेने तेवढ्याच जोराचा वारा सुटतो, आणि पहिल्या वाऱ्याने एका बाजूस कललेली झाडे व भिंती आता दुसऱ्या बाजूने कोसळतात. म्हणून आकाशवाणीवरून वा तहसील कचेरीतून वादळ ओसरल्याची खबर येईपर्यंत दारे उघडू नयेत व दावी सोडू नयेत.