खोदण्याआधीचा हिशेब

सिडनीतल्या एका कंपनीच्या कचेरीत दार उघडं राहावं म्हणून एक दगड लावलेला असे. तो आला होता प्रशांत महासागरातल्या नाउरू बेटावरून. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर अल्बर्ट एलिस या कर्मचाऱ्याने तो तपासला आणि त्यात उत्तम प्रतीचं फॉस्फेट निघालं. 1907 पासून नाउरूहून खतासाठी जहाजं भरून जाऊ लागली.

नाउरू जेमतेम 21 चौरस किलोमीटरचं. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी संयुक्त मंडळ नेमून तिथली खाण ताब्यात घेतली. फॉस्फेट चुनखडीच्या सुळक्यांमधल्या खाचांत भरलेलं होतं. ते उपसल्यावर मागे राहिले नुसते सुळके. तिथे ना पेरता येतं, ना घर बांधता येतं. बेटाचा सुमारे चार पंचमांश भाग असा झाला आणि लोक किनाऱ्याच्या चिंचोळ्या पट्टीत उरले.

1964 मध्ये ऑस्ट्रेलियाने त्यांना क्वीन्सलँडजवळच्या कर्टिस बेटावर हलवायची तयारी दाखवली. वेगळं राष्ट्र म्हणून आपण पुसले जाऊ, म्हणून नाउरूवासीयांनी नकार दिला. 1968 मध्ये ते स्वतंत्र झाले. खाण पुढे त्यांच्या हाती आली, पण खोदकाम चालूच राहिलं, कारण उत्पन्नाचं दुसरं साधनच नव्हतं.

नुकसानीची रीतसर मोजदाद झाली ती श्रीलंकेचे कायदेतज्ज्ञ क्रिस्तोफर वीरमंत्री यांच्या अध्यक्षतेखाली 1986 मध्ये नेमलेल्या आयोगाकडून. 1989 मध्ये नाउरूने ऑस्ट्रेलियाला आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं. 1993 मध्ये तडजोड झाली आणि ऑस्ट्रेलियाने 10 कोटी 70 लाख ऑस्ट्रेलियन डॉलर द्यायचं मान्य केलं. पैसे मिळाले, माती परत आली नाही.

पर्यावरण आघात मूल्यांकन कशासाठी, हे नाउरूइतकं स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसतं. काय काढणार, काय उरणार, उरलेल्यावर कोण जगणार, हे पहिली कुदळ पडण्याआधी विचारायचं असतं. मोठ्या देशात एक डोंगर गेला तर माणसं दुसरीकडे जातात. बेटावर दुसरीकडे म्हणजे समुद्र.

आता तो समुद्रही खाणीच्या नकाशावर आला आहे. चार ते सहा किलोमीटर खोल तळावर निकेल, कोबाल्ट, तांबं असलेले बटाट्याएवढे गोटे पसरलेले आहेत. दहा लाख वर्षांत ते काही मिलिमीटर वाढतात. फॉस्फेट सरलेल्या नाउरूने 2021 मध्ये या खाणकामाचे नियम दोन वर्षांत पुरे करा, अशी मागणी आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाकडे केली.

नाउरू न्यायालयात गेलं त्याच 1989 साली शास्त्रज्ञांनी पेरूजवळच्या खोल तळावर नांगरासारखं अवजार फिरवून पाहिलं होतं. 26 वर्षांनी ते परतले तेव्हा तास जसेच्या तसे होते.

हा प्रश्न आपल्याही दाराशी आहे. 1981 मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या ‘गवेषणी’ जहाजाने हिंदी महासागरातून असे गोटे वर काढले. मध्य हिंदी महासागरातलं 75,000 चौरस किलोमीटर क्षेत्र आज भारताकडे आहे.

नाउरूत आयोग बसला तेव्हा ऐंशी वर्षांचं खोदकाम होऊन गेलं होतं. समुद्रतळाचा हिशेब अजून आधी मांडता येईल. तो आधीच मांडायला हवा.