रविवार आठ की नऊ?

मालवणात खानावळ किंवा होमस्टे चालवणाऱ्याला वारांचा हिशेब चुकवून चालत नाही. रविवारी गर्दी, सोमवारी-गुरुवारी अनेकांचं जेवण शिवराक. मासळी किती घ्यायची हे वारावरच ठरतं. ही नोंद आता वहीतून एक्सेलमध्ये गेली, तिथे मात्र काही गैरसमज हमखास नडतात.

दिवसांना सातानं भागलं की रविवार कळतात, असं अनेकांना वाटतं. मासेमारी बंदीचाच काळ घ्या, १ जून ते ३१ जुलै. दिवस ६१, म्हणजे आठ आठवडे आणि वर पाच दिवस. त्या पाचांत कोणते वार पडतील हे पहिल्या दिवसाच्या वारावर अवलंबून. २०२५ मध्ये १ जूनला रविवार, म्हणून रविवार नऊ. २०२६ मध्ये १ जूनला सोमवार, म्हणून आठच. शिवाय ३१ जुलैतून १ जून वजा केला तर एक्सेल ६० सांगतं. दोन्ही टोकं धरायची तर एक मिळवायला हवा.

सर्वांत फसवा समज म्हणजे सेलमध्ये ‘सोमवार’ दिसतोय, तर ‘सोमवार’ शोधून मोजता येईल. फॉरमॅट बदलून वार दाखवला असेल, तर उत्तर शून्य येतं. वार फक्त दिसण्यापुरता. आत असतो नुसता आकडा. १ जून २०२५ म्हणजे ४५८०९. ‘वीकडे’ फंक्शन त्यावरून वाराचा क्रमांक काढतं. काहीच सांगितलं नाही तर रविवार १. तारखेनंतर २ लिहिलं तर सोमवार १. तो क्रमांक मोजायचा. इथे रिकामे सेल सांभाळा: एक्सेल ते शून्य धरतं आणि शून्याचा वार शनिवार! अर्धा कॉलम मोकळा असेल, तर शनिवार भरमसाट वाढतात. रिकामे सेल वगळण्याची अट घालायलाच हवी.

फक्त पहिली-शेवटची तारीख हाताशी असेल, तर ‘नेटवर्कडेज डॉट इंटल’ पुरतं. त्यात सोमवारपासून सात आकडे अवतरणचिन्हांत द्यायचे, हवा तो वार ०, बाकी १. रविवारांसाठी सहा एक आणि शेवटी शून्य: ११११११०. दोन्ही टोकं त्यात आपोआप धरली जातात.

आणि तारीख टाइप केली की ती बरोबरच बसते, हेही खरं नाही. सेटिंग अमेरिकी असेल तर १३-०६ नुसता मजकूर होऊन सेलच्या डाव्या कडेला जातो, म्हणून निदान नजरेला पडतो. १२-०६ मात्र बिनबोभाट ६ डिसेंबर होतो. म्हणून आधी सेटिंगमध्ये भारत निवडावा, मगच नोंदी भराव्यात.