जिज्ञासू अंमलदार आणि नवे यंत्र

पैनगंगेच्या दक्षिणेस, यवतमाळ आणि नांदेड जिल्ह्यांना भिडलेल्या आदिलाबाद जिल्ह्यात एकाच आठवडी बाजारात तेलुगू, मराठी, उर्दू, गोंडी आणि कोलामी कानी पडते. म्हणूनच, कृत्रिम बुद्धिमत्तेचा स्वीकार करणाऱ्या कचेरीच्या, शाळेच्या वा कारखान्याच्या प्रमुखापाशी कोणता गुण असावा, याचा विचार करण्यास महानगरांतील काचेच्या इमारतींपेक्षा हा मुलूख मला अधिक सोयीचा वाटतो.

फेब्रुवारी 2025 मधील ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी या जिल्ह्यातील तोडसम कैलास या सरकारी शाळेतील शिक्षकाचा उल्लेख केला. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांच्या साह्याने त्यांनी कोलामी भाषेत गीत सिद्ध केले होते. ही साधने जगभरच्या लिखित मजकुरावर पोसली जातात, आणि कोलामीला तर स्वतःची रूढ लिपी नाही, छापील वाङ्मयही अत्यल्प. एमेनो या भाषापंडिताने तिचे व्याकरण 1955 साली प्रसिद्ध केले, तेही इंग्रजीत. वरून हुकूम आला म्हणून यंत्र उघडणाऱ्या एखाद्या शिक्षकाने तेलुगूत वा हिंदीत गाणे करवून घेतले असते, आणि अंमलबजावणी झाल्याची नोंद दप्तरी निर्वेधपणे पडली असती. आपल्या शेजारच्या पाड्यावरची बोली या यंत्रात उतरेल काय, हे पाहावेसे वाटणे हाच या प्रकरणातील खरा आरंभ होय; तशी इच्छा होण्याची तजवीज कोणत्याही परिपत्रकात करता येत नाही.

कापसाचेही तसेच. वाधवानी संस्थेने तयार केलेले, महाराष्ट्रातील कापूस उत्पादकांत वापरले गेलेले एक साधन आहे: शेतातील कामगंध सापळ्यात अडकलेले गुलाबी बोंडअळीचे पतंग पांढऱ्या कागदावर ओतायचे, मोबाइलने छायाचित्र घ्यायचे, आणि यंत्र ते मोजून फवारणीविषयी सल्ला देते. सलग 3 रात्री दर सापळ्यात 8 पतंग आढळले की उपाय योजावा, असा सर्वसाधारण दंडक. परंतु सापळ्यातील ल्यूर, म्हणजे पतंगांना ओढणारी गंधाची गोळी, जुनी होऊन तिचा गंध उडाला असेल, तर पतंग फिरकणारच नाहीत, यंत्र कागदावरचे दोनच पतंग प्रामाणिकपणे मोजील, आणि इकडे बोंडांत अळी सुखेनैव नांदत असेल. मोजणी अचूक, निष्कर्ष मात्र घातक! ‘ल्यूर केव्हा बदलली?’ हे विचारणारा माणूस शेतकऱ्यांच्या गटाचा प्रमुख असेल, तरच त्या यंत्राचा उपयोग.

अशा पृच्छेची या जिल्ह्यात एक जुनी परंपरा आहे, आणि तिचा उगम रक्तपातात आहे, हे विसरून चालणार नाही. राखीव जंगलांच्या हद्दी आखताना कसत्या जमिनींवरून गोंड-कोलामांना उठवले गेले. त्यातून उसळलेल्या उठावात 1940 साली जोडेघाटच्या डोंगरात हैदराबादच्या निजामाच्या पोलिसांनी गोंडांचे नेते कुमरम भीम यांना ठार केले. दप्तरांत सर्व काही होते: नकाशे, हद्दी, दंडाच्या पावत्या. लोक का उठले, एवढेच नव्हते. ते जाणण्यासाठी निजाम सरकारने ख्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाकडे काम सोपवले. तो गोंडांच्या गावी, मारलवाईत राहिला, गोंडी शिकला, आणि जमिनीचे पट्टे नसणे हे दुखण्याचे मूळ असल्याचे त्याने दाखवून दिले. त्याचे म्हणणे मानणारा महसूलमंत्री ग्रिगसन हा स्वतः बस्तरच्या माडियांवर 1938 साली ग्रंथ लिहून बसलेला अंमलदार होता, हा योगायोग मला क्षुल्लक वाटत नाही. ज्याने स्वतः कधी विचारपूस केली नाही, त्याला दुसऱ्याच्या विचारपुशीचा बहुधा उपद्रवच वाटतो. पुढे 1943 साली मारलवाईला गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण सुरू झाले, आणि गोंडांना मराठीचा परिचय होता म्हणून गोंडी वाचनपुस्तके देवनागरीत छापली गेली. निजामाच्या उर्दू दरबारात हा निर्णय होऊ शकला, कारण कोणीतरी मुलांना काय वाचता येईल याची चौकशी केली होती. (मारलवाई आता 2016 साली झालेल्या कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात मोडते.)

आज त्याच भाषेसाठी यंत्र आले आहे. केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाने 2025 साली ‘आदि वाणी’ हे अनुवादाचे साधन खुले केले. पहिल्या टप्प्यात संथाळी, भिली, मुंडारी आणि गोंडी. उद्या आदिलाबाद जिल्ह्यातील उटनूरच्या एखाद्या आश्रमशाळेत ते पोहोचले, तर मुख्याध्यापकाने प्रथम विचारावे की ही गोंडी कोठली: बस्तरची, मंडल्याची की आपल्या उटनूरची? कारण या बोलींत अंतर आहे. नारनूर भागातील गुंजाळा गावी तर गोंडीची जुनी हस्तलिखिते सापडली, आणि त्यांतील लिपी 2018 साली युनिकोडमध्ये दाखल झाली; तेव्हा मुलांपुढे कोणते अक्षर ठेवायचे, हाही प्रश्न आहेच. या प्रश्नांची उत्तरे वर्गातील पोरे आणि त्यांच्या आज्या यंत्रापेक्षा लवकर देतील. त्याच वर्गात बसलेल्या कोलाम मुलांची भाषा पहिल्या टप्प्याच्या यादीत नाही. तिच्यासाठी कोणी अर्ज केला आहे काय, हेही मुख्याध्यापकानेच विचारायचे.