उभ्या विमानाचा खर्च

जुनं छोटं विमान विकत घेणं सोपं असतं, पोसणं अवघड. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण अमेरिकेतल्या छोट्या विमानांच्या मालकांना शिकवावी लागत नाही. आम्हा चौघा भागीदारांचं विमान सेसना १७२, मॉडेल १९७८ चं. एक इंजिन, चार आसनं. २०१० नंतरच्या मंदीत आम्ही ते घेतलं तेव्हा एखाद्या बऱ्यापैकी नव्या मोटारीच्या किमतीत ते मिळालं होतं. त्यानंतर त्याच्यावर काय खर्च झाला आणि त्याच्या जन्मापासून या धंद्यात काय घडलं, याची दोन बाडं माझ्यासमोर आहेत. दोन्ही चाळल्यावर एकच गोष्ट वर येते. विमान उडवल्याने जितकं महाग पडतं, त्याहून जास्त ते उभं ठेवल्याने पडतं.

१९७८ हे साल या धंद्याच्या भरभराटीचं टोक. त्या वर्षी अमेरिकी कारखान्यांतून १७,८११ विमानं गिऱ्हाइकांकडे गेली. त्यांतला फार मोठा वाटा कॅन्ससमधल्या विचिटा गावच्या सेसना कंपनीचा होता. १७२ तर १९५६ पासून बनतच होतं आणि आजवर ४४,००० हून अधिक बनली आहेत. इतक्या संख्येने दुसरं कुठलंच विमान बनलेलं नाही. डॉक्टर, शेतकरी, विक्रेते, माजी सैनिक असे साधे लोक संध्याकाळी विमान उडवायला शिकत. १९८० साली अमेरिकेत परवानाधारक वैमानिकांची संख्या ८,२७,००० वर पोहोचली. पुढे कित्येक वर्षं हा आकडा शिखराचा राहिला.

पुढची घसरण झपाट्याने झाली. कर्जाचे व्याजदर भडकले, इंधन महागलं, आणि आधीच्या दोन दशकांत बनलेली टिकाऊ विमानं जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागली. त्यात नुकसानभरपाईच्या दाव्यांची भर पडली. तीस वर्षांपूर्वी बनवलेलं विमान पडलं तरी दावा कंपनीवर ठोकला जाई, आणि त्या दाव्यांच्या विम्याचा बोजा नव्या विमानाच्या किमतीवर चढे. १९८६ मध्ये सेसनाने छोटी पिस्टन विमानं बनवणंच बंद केलं. १९९४ साली अमेरिकेतल्या सगळ्या कंपन्यांनी मिळून जेमतेम ९२८ विमानं गिऱ्हाइकांना दिली.

त्याच वर्षी १७ ऑगस्टला अध्यक्ष क्लिंटन यांनी एका कायद्यावर सही केली. विमान १८ वर्षांचं झालं की त्यातल्या मूळ भागांवरून कारखानदारावर दावा करता येणार नाही, अशी त्यातली मुख्य तरतूद होती. हा कायदा झाला तर उत्पादन पुन्हा सुरू करू, असं सेसनाचे प्रमुख रस मेयर यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. शब्द पाळला गेला. कॅन्ससमध्येच इंडिपेंडन्स या गावी नवा कारखाना उभा राहिला आणि १९९६ पासून विमानं बाहेर पडू लागली. पण जुनी किंमत काही परत आली नाही. आज नव्या १७२ ला चार लाख डॉलरच्या पुढे मोजावे लागतात. म्हणून हौशी माणूस १९७८ च्याच विमानांकडे वळतो आणि ती विमानं वर्षागणिक म्हातारी होत जातात.

आमचं विमान १९९६ मध्ये अठराचं झालं आणि मूळ भागांपुरता कारखाना त्याच्या जबाबदारीतून मोकळा झाला. विमान उडण्यालायक ठेवण्याची मुख्य जबाबदारी तर अमेरिकी नियमांनी पहिल्यापासूनच मालकावर टाकलेली आहे. ती नीट पार पडली की नाही हे लॉगबुकांवरून कळतं. सांगाड्याचं एक आणि इंजिनाचं एक अशा या वह्या विमानाबरोबर एका मालकाकडून दुसऱ्याकडे जातात. वही हरवली तर विमानाची किंमत लगेच घसरते.

आमच्या इंजिनाच्या वहीत नव्वदीच्या दशकातली काही पानं विलक्षण मोकळी आहेत. दोन वार्षिक तपासण्यांमध्ये पाच-सात तासांची उड्डाणं, एखाद्या वर्षी त्याहूनही कमी. पहिल्या नजरेला हे फायद्याचं वाटतं. इंजिन वापरलंच नाही, म्हणजे झिजलं नाही! पण लायकमिंग कंपनीच्या या इंजिनांत व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट वरच्या बाजूला, क्रँकशाफ्टच्या डोक्यावर असतो. इंजिन थांबलं की ऑइल हळूहळू खाली निथळतं. जळलेल्या इंधनातली वाफ आत राहिलेली असते, तिचं पाणी होतं आणि उघड्या पडलेल्या पोलादावर गंजाचे बारीक खड्डे पडतात. पुढच्या वेळी इंजिन सुरू झालं की ते खड्डे उखडतात आणि पोलादाचा चुरा ऑइलमध्ये मिसळतो. त्यातून आमच्या १७२ एन मॉडेलमधलं ओ-३२०-एच२एडी हे इंजिन कॅमच्या झिजेसाठी आधीच बदनाम. एफएए या अमेरिकी हवाई वाहतूक नियामक संस्थेने त्याच्यासाठी आदेश काढून दर ऑइलबदलीला एक खास द्रव घालणं सक्तीचं केलं. घेतानाच हे सगळं वहीत दिसत होतं. तेवढी किंमत आम्ही पाडून घेतली आणि वाचलेले पैसे ओव्हरहॉलच्या, म्हणजे इंजिन पूर्ण उघडून नव्यासारखं करण्याच्या, खात्यात टाकले.

पैसे लागले तेव्हा खबर आधी ऑइल फिल्टरने दिली. फिल्टर काढला की तो फेकून द्यायचा नसतो. खास कटरने त्याचं झाकण कापायचं, आतली कागदाची घडी सुटी करायची, पिळून ऑइल काढायचं आणि उजेडात उलगडून एकेक चुणी बघायची. एरवी त्यात काळा काजळीचा गाळ असतो. त्या दिवशी कागदावर बारीक चमचम होती. लोहचुंबक फिरवलं तर चमचम त्याला चिकटली, म्हणजे पोलाद. ऑइलचा नमुना लहानशा बाटलीतून प्रयोगशाळेत जातो. तिथून येणाऱ्या अहवालातला लोहाचा आकडा गेल्या दोन-तीन वेळा चढतच होता. इंजिन बाहेर आलं, उघडलं, आणि कॅमचे दोन उंचवटे बोथट झालेले निघाले. त्या रिकाम्या पानांचं बिल वीस वर्षांनी आमच्या नावावर फाटलं.

दरवर्षीच्या खर्चात सगळ्यांना धाक असतो तो ॲन्युअलचा, म्हणजे वार्षिक तपासणीचा. ती झाल्याशिवाय विमान उडवता येत नाही आणि त्यावर सही करायचा अधिकार ठरावीक मेकॅनिकांनाच असतो. पण मालकाने हात लावूच नये असं मात्र नाही. ऑइल बदलणं, स्पार्क प्लग काढून साफ करणं, टायर बदलणं, चाकाच्या बेअरिंगला ग्रीस भरणं, बॅटरी बदलणं अशी कामं वैमानिक-मालक स्वतः करून वहीत स्वतःच्या सहीने नोंदवू शकतो. ॲन्युअलच्या वेळीही मेकॅनिकच्या देखरेखीखाली इंजिनाची झाकणं, आसनं, तपासणीच्या पट्ट्या काढायला आम्ही चौघे हजर असतो. त्यात मजुरी वाचते, पण खरा फायदा वेगळाच आहे. सिलिंडरमध्ये दाबाखाली हवा भरली की गळती कानाला कळते. सुस्कारा एक्झॉस्टमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइल भरायच्या तोंडातून आला तर पिस्टनच्या रिंगा. हे एकदा स्वतः ऐकलेल्या मालकाला बिलातला दोन हजार डॉलरचा आकडा वाचता येतो.

काही गोष्टींत घासाघीस चालत नाही. सेसनाच्या आसनांखालच्या पट्ट्या त्यांतल्या एक. खाच झिजली आणि खुंटी नीट बसली नाही, तर उड्डाण घेताना वैमानिकाचं आसन मागे सरकतं, तो हातातला दांडा धरून मागे ओढला जातो आणि नाक उभं होतं. असे अपघात झाल्यावर १९८७ मध्ये पट्ट्या, खाचा आणि खुंट्या तपासण्याचा आदेश निघाला, २०११ मध्ये तो सुधारला. खाच मोजायला पाच मिनिटं लागतात.

उलट जिथे सक्ती नाही, तिथे पैसा सर्वांत जास्त वाया जातो. लायकमिंग आमच्या इंजिनाला २,००० तास किंवा १२ वर्षांनी ओव्हरहॉल सुचवते. खासगी मालकावर ते बंधनकारक नाही. मग तास भरले म्हणून चांगलं चाललेलं इंजिन उघडायचं का? या वादाची मुळं दुसऱ्या महायुद्धात आहेत. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ सी. एच. वॉडिंग्टन यांनी लिबरेटर बॉम्बविमानांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा ठरलेल्या देखभालीच्या लगेच नंतर बिघाड वाढतात आणि मग हळूहळू कमी होतात, असं दिसलं. म्हणजे उगाच उघडझाप केल्याने घोटाळे होत होते. पुढे युनायटेड एअरलाइन्सच्या स्टॅनली नोलन आणि हॉवर्ड हीप यांनी अमेरिकी संरक्षण खात्यासाठी एक अहवाल लिहिला. बहुतांश भाग वय झालं म्हणून ठरल्या वेळी मोडत नाहीत, तेव्हा त्यांची अवस्था बघून निर्णय घ्यावा, हे त्याचं सार. तो अहवाल निघाला १९७८ सालीच! मोठ्या विमान कंपन्यांनी ही पद्धत उचलली, पण छोट्या विमानांच्या मालकांपर्यंत ती पोहोचायला अर्धं आयुष्य गेलं. माइक बुश यांच्यासारख्या मेकॅनिक-लेखकांनी ती लावून धरली. आता सिलिंडर काढण्याआधी आत बोअरस्कोप, म्हणजे बारीक नळीचा कॅमेरा, घालून व्हॉल्व्हचे फोटो काढतात. ऑइलचा अहवाल, फिल्टर आणि बोअरस्कोप हे तिन्ही ठीक म्हणत असतील तर आम्हीही पाना हातात घेत नाही.

खर्चाचं गणित तसं प्राथमिक शाळेतलं आहे. समजा हँगरचं भाडं, विमा आणि ॲन्युअल मिळून वर्षाला ९,००० डॉलर होतात. विमान ५० तास उडालं तर प्रत्येक तासावर १८० डॉलरचा बोजा बसतो, १५० तास उडालं तर ६० चा. इंधन तासाला साधारण आठ गॅलन, ते दोन्हीकडे सारखंच. ओव्हरहॉलसाठी प्रत्येक तासामागे बाजूला टाकायची रक्कम त्यामानाने किरकोळ. तरी बहुतेक भागीदाऱ्यांत उलटी घडी बसवलेली असते. महिन्याची वर्गणी नाममात्र आणि तासाचा दर चढा. माणूस दर बघून उडणं टाळतो आणि विमान गंजत उभं राहतं. आम्ही वर्गणी वाढवली आणि तासाचा दर इंधन व ओव्हरहॉलच्या ठेवीपुरता ठेवला. वर्गणी तर भरलीच आहे, मग शनिवारी हँगर उघडायला काय हरकत, असं मनाने घेतलं की काम झालं. इंजिन नुसतं जमिनीवर सुरू करून बंद करायला मात्र मनाई आहे. ऑइल पुरतं तापत नाही, पाणी उडून जात नाही, उलट नवं साठतं.

गेल्या काही वर्षांत खर्च बाहेरूनही वाढले. १ जानेवारी २०२० पासून बऱ्याचशा नियंत्रित हवाई क्षेत्रात स्वतःची जागा सतत सांगत राहणारं एडीएस-बी यंत्र सक्तीचं झालं. सरकारने ५०० डॉलरची सवलत दिली, बाकी मालकाने भरले. कोविडनंतर सुट्या भागांसाठी आणि ओव्हरहॉलसाठी महिनोन् महिने थांबायची वेळ आली आणि जुन्या विमानांच्या किमती कमालीच्या चढल्या.

पुढचा प्रश्न इंधनाचा आहे. या इंजिनांचं १००एलएल पेट्रोल अजूनही शिसेयुक्त आहे आणि २०३० च्या अखेरपर्यंत अमेरिकेला त्यातून बाहेर पडायचं आहे. एका बिनशिशाच्या इंधनाला सप्टेंबर २०२२ मध्ये एफएएची मंजुरी मिळाली. दुसरं एक इंधन नॉर्थ डाकोटा विद्यापीठाने २०२३ मध्ये आपल्या विमानांना लावलं आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठका झिजू लागल्याने काही महिन्यांत मागे घेतलं. वडोदऱ्याच्या रिफायनरीत इंडियन ऑइलने २०२२ मध्ये तयार करून बाजारात आणलं तेही हेच १००एलएल. बारामतीच्या धावपट्टीवर शिकणाऱ्या मुलांच्या सेसनाही त्यावरच चालतात, तेव्हा हा प्रश्न पुढेमागे तिथेही जाणार.

या वाढत्या खर्चाला माझा उपाय साधा आहे. आमच्याकडे पाचवा भागीदार घ्यायचं घाटत आहे. आमच्यातल्या दोघांना वाटतं, विमान मोकळं मिळणार नाही. मला वाटतं, मिळालं नाही तरी चालेल. १९८० नंतर अमेरिकेत उडणारे कमी झाले आणि उरलेल्या प्रत्येकाच्या माथी हँगर, मेकॅनिक, सुटे भाग यांचा वाटा वाढत गेला. तो वाढला म्हणून आणखी काही जण गळाले. एका विमानाच्या हिशेबात हे चक्र उलटं फिरवता येतं, हे आम्ही बघितलं आहे. पाचवा तरुण असला आणि दर आठवड्याला उडणारा निघाला, तर त्याच्याकडून आत शिरायचे पैसे थोडे कमी घ्यायलाही माझी तयारी आहे.